आधी नोंदवही, मग टचस्क्रीन

प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयाच्या चिटणिसांनी विचारला आहे. वाचनालयाला जोडून छोटं वस्तुसंग्रहालय आहे. हजार-बाराशे वस्तू, एक दालन, मागे एक खोली. तांब्यापितळेची भांडी, तलवारी, नाणी, मोडी कागद, शेले-पैठण्या, नमन-खेळे या कोकणी लोकनाट्यातले लाकडी मुखवटे. लोक येतात आणि दहा मिनिटांत चक्कर मारून निघून जातात. एका देणगीदाराने काही लाख रुपये देऊ केले आहेत. कार्यकारिणीतल्या तरुण मंडळींना एसी आणि टचस्क्रीन हवा आहे, ज्येष्ठांना कपाटं आणि औषधफवारणी. पैसे आधी कुठे घालायचे?

चिटणीससाहेब, छप्पर गळत असेल तर ते आधी करा, त्यात चर्चेसारखं काही नाही. त्यानंतरचा पहिला खर्च नोंदणीवर, दुसरा मागच्या खोलीवर, तिसरा दालनावर. टचस्क्रीन तूर्त नको, आणि एसीबद्दल पुढे सांगते.

तुमच्या कार्यकारिणीतले दोन्ही तट एकच गोष्ट गृहीत धरून भांडतायत: वस्तूंची निगा हे एक खातं आणि पाहुण्यांची सोय हे दुसरं. माणूस काचेपुढे थांबतो तो वस्तूकडे सांगण्यासारखं काही असेल तर. ते सांगणं नोंदवहीतून येतं. जिच्याबद्दल आपल्या दप्तरी दोन ओळी नाहीत, तिच्याशेजारी केवढाही पडदा लावा, त्यावर दाखवणार काय? 'जुने भांडे' एवढंच, फक्त मोठ्या अक्षरांत.

आणि नोंद नसेल तर वस्तू राहील याचीही खात्री नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने जाहीर केलं की भांडारातल्या वस्तू हरवल्या, चोरीला गेल्या किंवा खराब झाल्या आहेत, आणि आकडा सुमारे २,००० चा आहे. त्यांत कोरीव खडे आणि दागिने पुष्कळ होते, आणि अनेकांची नीट नोंदच झालेली नव्हती. काही इंटरनेटवर किरकोळ भावाने विकले गेले. एका डॅनिश व्यापाऱ्याने २०२१ मध्येच सावध केलं होतं, पण तेव्हा त्याचं म्हणणं मनावर घेतलं गेलं नाही. पुढे संचालकांना पद सोडावं लागलं आणि संपूर्ण संग्रह पाच वर्षांत डिजिटल नोंदीत आणण्याची घोषणा झाली. एवढी मोठी संस्था, एवढा पहारा, आणि गेलं ते मुख्यतः कागदावर नसलेलंच. तुमच्या नाण्यांच्या डब्याकडे एकदा या नजरेने बघा.

कॅनडाच्या संवर्धन संस्थेने वस्तूंच्या नाशाची दहा कारणं मांडली आहेत, ती जगभर वापरतात. धक्के, चोरी, आग, पाणी, कीड, प्रदूषण, प्रकाश, चुकीचं तापमान, चुकीची आर्द्रता ही नऊ. दहावं कारण म्हणजे वस्तू आणि तिची माहिती यांची ताटातूट. आपल्याकडच्या छोट्या संग्रहालयांत सगळ्यात जास्त नुकसान या दहाव्याने होतं आणि ते दिसत नाही, कारण वस्तू तर जागच्या जागी असते.

तुमच्याकडे तांब्याचं एखादं घंगाळ नक्की असेल. ते खिडकीपाशी न्या, तिरप्या उजेडात धरा आणि काठाखाली बघा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत, त्यामुळे बारीक टिंबांनी ठोकलेली ओळ सापडण्याची शक्यता चांगली. कुणाचं भांडं, कुठलं गाव, लग्नात दिलं की मुंजीत, कधीकधी शकही. 'शके १८१२' वाचलंत तर ७८ मिळवा, इसवी सन १८९० च्या आसपासचं भांडं झालं. लग्नाचा आहेर, मामाकडचा, अमुक गावचा. आता याच घंगाळाचा फलक काय म्हणत असतो? 'घंगाळ. तांबे. अंदाजे १९ वे शतक.' यातलं पहिलं समोर दिसतंय, दुसरंही दिसतंय, तिसरं अंदाजे आहे.

याच कारणासाठी भांडी घासणं आजपासून बंद. उद्घाटन किंवा पाहुणे म्हटलं की आदल्या दिवशी चिंच, लिंबू नाहीतर पावडर घेऊन सगळी पितळ लखलखीत करायची हौस मी ठिकठिकाणी पाहिली आहे. एका ठिकाणी तर कमंडलूवरची ओळ निम्मी पुसलेली होती. दरवर्षी श्रद्धेने घासून घासून. दर घासणीत धातूचा पातळ थर जातो, कोरीव अक्षरं बुजतात, आणि आंबट पदार्थाचे अंश फटीत राहून पुढे हिरवं साचतं. मऊ कोरडा सुती फडका आणि मऊ ब्रश एवढंच. कुठे फिकट हिरवी पूड पुन्हा पुन्हा उगवत असेल तर ती वस्तू वेगळी काढून कोरड्या डब्यात ठेवा आणि संवर्धकाला दाखवा.

नोंदणी कशी करायची ते सांगते. एक मुख्य नोंदवही, शिवलेली, पानांवर छापील क्रमांक असलेली, शाईने लिहिलेली. खाडाखोड झाली तर सरळ रेघ मारून बाजूला सही. तीच माहिती संगणकावर साध्या एक्सेलमध्ये. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने 'जतन' नावाची संग्रहालयांसाठीची प्रणाली बनवली आहे आणि केंद्र सरकारची मोठी संग्रहालयं ती वापरतात. पण एक्सेलचे रकाने नीट भरलेले असतील तर पुढे कुठल्याही प्रणालीत जाता येतं, आणि ते रिकामे असतील तर कुठलीही प्रणाली तुम्हाला वाचवत नाही. क्रमांक तीन भागांचा ठेवा: वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी, त्या देणगीतली कितवी वस्तू. २०२५.७.३ म्हणजे २०२५ मधल्या सातव्या देणगीतली तिसरी. जुन्या साठ्यातलं जे कुणी कधी दिलं तेच माहीत नाही, त्याला चालू वर्षाचा क्रमांक द्या आणि शेऱ्यात 'जुना साठा, स्रोत अज्ञात' असं प्रामाणिकपणे लिहा. अंदाजाने देणगीदाराचं नाव टाकू नका. पुढचा माणूस ते खरं धरून चालतो.

क्रमांक वस्तूवर असायला हवा, शेजारच्या चिठ्ठीवर नाही. धातू, दगड, मातीच्या वस्तूंवर तळाशी किंवा मागे पॅरालॉइड बी-७२ या राळेचा छोटा पट्टा, तो वाळला की त्यावर शाईने क्रमांक, वरून पुन्हा एक थर. लागलं तर ॲसिटोनने निघतं. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून कडेला चार सैल टाके. कागदावर फक्त मऊ पेन्सिल, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. चिकटपट्टी, स्टिकर, मार्कर, रबरी शिक्का यांतलं काहीही नको. मग प्रत्येक वस्तूचा फोटो, शेजारी मोजपट्टी आणि क्रमांक. मोबाइलचा कॅमेरा पुरतो. चोरी झाली तर पोलिसांना द्यायला हाच फोटो लागतो.

आणि एक रकाना बहुतेक जण विसरतात: वस्तू आत्ता कुठे आहे. कपाट ३, फळी २, पेटी ५. वस्तू हलली की त्याच दिवशी नोंद. दर तीन महिन्यांनी नोंदवहीतल्या कुठल्याही वीस वस्तू निवडून त्या जागेवर आहेत का बघायचं, आणि उलट फळीवरच्या कुठल्याही वीस वस्तू उचलून त्या वहीत आहेत का बघायचं. दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची. तिच्यातच बिननोंदीचा माल बाहेर पडतो.

या कामाला पैसा फारसा लागत नाही, माणूस लागतो. इतिहास किंवा पुरातत्त्व शिकलेली एक मुलगी किंवा मुलगा वर्षभर पगारावर घ्या. देणगीतला सगळ्यात मोठा वाटा तिथे गेला तरी चालेल. सोबत गावातले निवृत्त शिक्षक, मोडी वाचणारं कुणी असेल तर ते. आणि ज्या घरांनी वस्तू दिल्या त्या घरांतली ऐंशीच्या पुढची माणसं आधी गाठा. मुखवटा कुणी कोरला, कुठल्या वाडीच्या खेळ्यांत नाचला, रंग कशाचा लावत, हे सांगणारे दोघे-तिघेच उरलेले असतात. मोबाइलवर आवाज नोंदवून घ्या, त्यांच्या परवानगीने. कपाटं पुढच्या वर्षीही मिळतील.

आता मागची खोली. इक्रोम या आंतरराष्ट्रीय संवर्धन संस्थेने युनेस्कोबरोबर छोट्या संग्रहालयांच्या भांडारांसाठी 'री-ऑर्ग' नावाची पद्धत तयार केली. २०११ च्या आसपास त्यांनी जगभर पाहणी केली तेव्हा जवळपास ६० टक्के संग्रहालयांच्या भांडारांची अवस्था चिंताजनक निघाली. म्हणजे लाज वाटून घेऊ नका, पण कामाला लागा. पद्धतीचा गाभा सोपा आहे. जे संग्रहाचं नाही ते खोलीबाहेर: जुने फलक, सत्काराच्या शाली, मोडक्या खुर्च्या, निवडणुकीच्या पेट्या. एवढ्यानेच निम्मी जागा मोकळी होते असा माझा ठोकताळा. मग जमिनीवर काहीही नाही; सगळ्यात खालची फळी वीतभर तरी वर. भिंतीला टेकून काही नाही. कुठलीही वस्तू काढायला दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत. खोलीवर शौचालय किंवा पाण्याची टाकी असेल तर खोली बदला.

कोकणात खरा शत्रू दमट हवा. पावसाळ्यात तुमच्याकडे आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात सहज जाते. ६५-७० च्या वर बुरशी धरते, आणि लोखंड त्याहून पुष्कळ आधी गंजू लागतं. एसी इथेच घात करतो. तुम्ही तो दहाला लावणार आणि पाचला बंद करणार, कारण वीजबिल. रात्री बाहेरची ओली हवा थंड झालेल्या दालनात शिरते आणि काचेवर, धातूवर दव धरतं. लाकडी मुखवटे रोज फुगतात, रोज आकसतात, मग रंगाचे पापुद्रे सुटतात. चोवीस तास चालवता येणार नसेल तर एसी नसलेला बरा. त्याऐवजी स्वस्तातले तीन-चार आर्द्रतामापक घ्या आणि सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा. एक पावसाळा लिहिलात की कुठला कोपरा वाईट ते कळेल. मग एक डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, फक्त मागच्या खोलीला, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवून. तलवारी आणि नाणी घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यांत सिलिका जेलसह; जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून परत.

किडीसाठी औषधफवारणी सरसकट करू नका. फवारा वस्तूंवर बसतो, कागदावर डाग पडतात, आणि वर्षभर त्या खोलीत काम करणाऱ्याच्या फुप्फुसात जातो. डांबरगोळ्याही नकोत. वाळवीची व्यवस्था इमारतीच्या पायाशी, परवानाधारक माणसाकडून. आत मात्र झाडू, चिकट सापळे आणि नजर. वेखंडाच्या पुरचुंड्या आपले पूर्वज दप्तरात ठेवत. ठेवायच्या तर ठेवा, कागदाला टेकवू नका आणि तेवढ्यावर विसंबू नका. कापडाला कसर लागलेली दिसली तर ते प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येतं, पण जरीकाम आणि रंगकाम असलेल्या वस्तूंसाठी आधी संवर्धकाला विचारा. मोडी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधून ठेवलेले असतात. सुती, धुतलेलं, खळ नसलेलं कापड आजही उत्तम. लॅमिनेशन केलंत तर कागद कायमचा गेला असं समजा.

आग आणि पाणी थोडक्यात. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये जळालं. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ आणि २०२१ असे दोन महापूर सोसले. तुमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे, एकदा जाऊन बोलून या. जुनी वायरिंग बदला, आणि पाणी चढू लागलं तर पहिल्या तासात कुठल्या वीस वस्तू उचलायच्या त्याची यादी दाराच्या आत लावा. नोंदवहीची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा.

कायद्याचंही एवढंच. शंभर वर्षांपुढच्या मूर्ती, चित्रं वगैरेंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची मर्यादा. हस्तिदंत, शिंगं, कातडी असतील तर वन विभागाशी लेखी बोलून घ्या. जमिनीत सापडलेलं नाण्यांचं गाडगं कुणी आणून दिलं तर ते परस्पर स्वीकारू नका, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवं.

आता लोकांकडे येते. दहा मिनिटांत ते बाहेर पडतात याचं पहिलं कारण म्हणजे तुम्ही सगळंच मांडलंय. चाळीस अडकित्ते एका काचेत असले की एकही दिसत नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात २० हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. तुम्ही निम्म्याहून अधिक वस्तू मागच्या खोलीत न्या. म्हणूनच ती खोली आधी. कापड आणि कागद तर आळीपाळीनेच मांडायचे, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. पैठणीवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नको. काचपेटीतल्या ट्यूबलाइट काढून टाका, खिडक्यांना जाड पडदे, आणि एक शेला तीन-चार महिन्यांवर बाहेर ठेवायचा नाही.

दुसरं कारण शरीराचं. १९१६ मध्ये बोस्टनच्या बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी एका माणसाला संग्रहालयातल्या वस्तूंबद्दल साधे प्रश्न देऊन उत्तरं शोधायला लावलं आणि त्याचे फोटो काढले. प्रत्येक फोटोत तो बिचारा वाकलेला, ओणवा, मान तिरकी केलेला. दमतात ते कंटाळ्याने नव्हे, मांडणीमुळे. मांडणीचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर, नाणी तिरप्या फळीवर भिंगासह, फलक वस्तूशेजारी, पायाशी नाही. बसायला दोन बाकं. प्यायचं पाणी. स्वच्छ शौचालय; याच्याशिवाय सुधारणेच्या गप्पा मारू नयेत. दाराला उतार, म्हणजे आजीला आणि चाकाच्या खुर्चीला आत येता येईल.

फलक मराठीत आधी, साठ-सत्तर शब्दांच्या आत, दीड मीटरवरून चश्म्याशिवाय वाचता येईल असा. घंगाळाचा मी असा लिहीन: 'पहाटे चुलीवरचं कढत पाणी यात ओतत आणि विसण घालून आंघोळ करत. काठाखाली वाकून बघा. मामाने भाचीला लग्नात दिल्याची ओळ ठोकलेली आहे. शके १८१२.' बाकी धातू, माप, क्रमांक खाली लहान अक्षरांत. 'वाकून बघा' म्हटलं की माणूस वाकतोच, आणि वाकलेला माणूस शेजाऱ्याला बोलावतो.

तुमचं अनुमान बरोबर की चूक हे तपासायला सल्लागार नको. दालनाचा नकाशा कागदावर काढा, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसा आणि प्रत्येक माणसाची वाट पेन्सिलने आखा. थांबला तिथे ठिपका. रविवारच्या दोन दुपारींत चित्र स्पष्ट होतं. लोक दारातून बहुधा कुठल्या बाजूला वळतात, कुठल्या काचेपुढे कुणीच थांबत नाही, मुलं कुठे पळतात, सगळं.

काही वस्तू हाताळायला ठेवा. मुख्य संग्रहाच्या नोंदवहीत न घेतलेल्या, दुय्यम प्रतीच्या: जातं, पायली-शेर, अडकित्ता, मुसळ. मुलांना जातं ओढू द्या. शाळेची सहल एकदम आत घेऊ नका. निम्मी मुलं दालनात, निम्मी अंगणात स्वतःचं नाव मोडीत लिहीत, मग अदलाबदल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयाने मुलांसाठी वेगळं संग्रहालयच उभं केलं आणि त्यांची बस गावोगाव वस्तू घेऊन जाते. तुम्हाला बस नको, एक पत्र्याची पेटी आणि पाच वस्तूंच्या प्रतिकृती पुरतील.

आणि तुमचा शिपाई. पाहुण्याला तोच भेटतो, कार्यकारिणी नाही. 'हात लावू नका' एवढंच बोलायला शिकवलेल्या माणसाला दहा वस्तूंच्या गोष्टी शिकवा, त्याचा पगार वाढवा. टचस्क्रीनपेक्षा हा खर्च मला जास्त पटतो. पडदा तीन वर्षांत बिघडतो, दुरुस्तीवाला रत्नागिरीहून यायचं नाव घेत नाही, आणि मग त्यावर कापड टाकून ठेवतात. फारच हौस असेल तर फलकावर क्यूआर कोड लावा आणि त्यामागे त्या म्हाताऱ्यांचे नोंदवलेले आवाज, त्यांच्याच संगमेश्वरी बोलीत. ते मुंबईतही ऐकले जातील.

मांडणी वर्षातून दोनदा बदला: मे महिन्यात आणि गणपतीच्या आधी, कारण चाकरमानी तेव्हाच येतात. नवं काही दिसलं तर ते पुन्हा येतात, आणि येताना घरातलं काहीतरी घेऊन येतात. आजोबांचा रेडिओ, फुटका पानडबा, तिसरं शिवणयंत्र. यासाठी एक पानाचं संग्रहधोरण आत्ताच कार्यकारिणीत मंजूर करून घ्या: आपण कुठल्या मुलखाच्या, कुठल्या काळाच्या, कशा वस्तू घेतो, दुसरा नमुना घेतो की नाही, नाकारण्याचा अधिकार कुणाला. घ्यायची तर दानपत्रावर सही, कायमची देणगी की उसनी ते स्पष्ट, उसनी असेल तर परतीची तारीख. नाकारायची तर वस्तूचा फोटो आणि आठवण लिहून घ्या आणि वस्तू त्यांच्याच हाती परत द्या. दानपत्राचे कोरे फॉर्म गणपतीच्या आधी छापून घ्या आणि टेबलाच्या खणात ठेवा.